परिपाठातील नवलाची माहिती आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

वाशीम जिल्ह्यातील एका लहान गावाच्या जिल्हा परिषद शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने मला विचारले आहे की, परिपाठात दररोज एक ‘आश्चर्यकारक माहिती’ सांगायची असते. मोबाईलवर अशी माहिती रोज येते, पण ती खरी मानावी का, आणि आमच्या गावातील मुलांना आपली वाटेल अशी माहिती कुठून आणावी? उदाहरणादाखल त्यांनी दोन वाक्ये पाठवली आहेत. पहिले असे की, नागपूरचा झिरो माईल हा भारताचा बरोबर मध्यबिंदू आहे. आणि दुसरे असे की, ‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा या गावाच्या नावावरून आला आहे. ही दोन वाक्ये सोमवारी सांगावीत का, एवढाच त्यांचा प्रश्न असता तर उत्तर चार ओळींत संपले असते. परंतु या कामात माझी एकतीस वर्षे गेली आहेत आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताई, झिरो माईलबद्दलचे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षे मुलांना सांगत होतो. एके वर्षी सातवीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, हे कशावरून?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. नंतर नागपूरला गेलो तेव्हा मुद्दाम तो दगड पाहिला. त्यावर ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षण, याचा उल्लेख आहे, १९०७ हे साल आहे आणि ते प्रमाणित उंचीचे चिन्ह असल्याचे लिहिलेले आहे. म्हणजे तो दगड ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे सांगतो. देशाचा मध्य सांगत नाही. आजच्या सीमा धरून काढलेला मध्य नागपूरच्या बराच उत्तरेला, मध्य प्रदेशात पडतो. तेव्हापासून मी एक नियम पाळला: जी माहिती सांगताना ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, ती परिपाठात सांगायची नाही. आणि शक्य तिथवर अशी माहिती निवडायची की, मुलाने घरी जाऊन वावरात, धुऱ्यावर किंवा स्वयंपाकघरात ती स्वतः पडताळून पाहावी.

झिरो माईलचे वाक्य सोडून द्यावे लागले याचे मला दुःख झाले नाही, कारण त्याच सर्वेक्षणाची खरी गोष्ट त्याहून मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्या हिंगणघाटात आहे. विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळीने एक सरळ रेषा मोजली आणि त्या एका रेषेवरून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू न मोजता काढता येतात, हे तुमच्या शाळेतील मोठ्या मुलांना कागदावर काढून दाखवता येईल. सारे सर्वेक्षण त्याच गणितावर उभे होते. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. वीस वर्षे हे काम करीत लॅम्ब्टन मध्य भारतापर्यंत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर हे काम ज्याच्या हाती आले त्याचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. जगातील सर्वोच्च शिखराला ज्याचे नाव मिळाले, त्याने काम हाती घेतले ते वर्धा जिल्ह्यातील एका गावात आपल्या वरिष्ठाचा मृत्यू झाल्यामुळे. ही गोष्ट सांगितल्यावर मुले नकाशाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, हा माझा अनुभव आहे.

आता कापसाकडे येतो, कारण आपल्या मुलांच्या हाताला पऱ्हाटीइतकी ओळखीची दुसरी वस्तू नाही, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांतील बरीच मुले वेचणीला जाऊन आलेली असतात. त्यांना बोंडातील एक तंतू सोडवायला सांगा आणि मग सांगा की हा संपूर्ण तंतू म्हणजे एकच पेशी आहे. पुस्तकात त्यांनी वाचलेले असते की पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. इथे ती अडीच-तीन सेंटीमीटर लांब असून बोटांत धरता येते. फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या सालीवरील काही पेशी लांब होऊ लागतात आणि बोंड फुटेपर्यंत त्यांच्या भिंती आतून जाड होत जातात. बोंड उघडले की पेशीतील ओलावा जातो, पोकळ नळी चपटी होते आणि चपटी होताना तिला स्वतःचा पीळ पडतो. कापसाचे सूत निघते ते या पिळामुळे, कारण पिळाचे तंतू एकमेकांत अडकून धरतात. हे पटवायचे असेल तर सावरीचा कापूस आणा. तो कापसाहून मऊ आणि चमकदार असतो, पण त्याचे तंतू गुळगुळीत व पीळ नसलेले असल्यामुळे त्याचे सूत धड निघत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे तो उशांत भरला गेला. दोन्ही कापूस मुलांच्या हातात द्यावेत आणि बोटांनी वळून पाहायला लावावे. पहिल्याचा धागा होतो, दुसरा सुटून जातो, ‘कशावरून?’चे उत्तर मुलांच्या बोटांनाच मिळते.

कापसाची दुसरी गोष्ट मला त्याहूनही नवलाची वाटते. आपण ज्याला देशी कापूस म्हणतो त्याच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात आणि आज आपल्या बहुतेक वावरांत असलेल्या अमेरिकी जातीच्या कापसाच्या पेशीत ५२. ही दुप्पट संख्या कशी आली याचा शोध घेतल्यावर असे दिसले की, अमेरिकी कापसातील निम्मी गुणसूत्रे आफ्रिका-आशियातील कापसाच्या कुळाशी जुळतात आणि निम्मी अमेरिकेतील रानकापसाशी. हा संकर दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येण्याच्याही आधी झालेला आहे. याचा अर्थ असा की, अमेरिकी कापसाचे बियाणे जेव्हा परदेशातून इकडे आले, तेव्हा त्याच्या अंगातील अर्धा वारसा आपल्या देशी कापसाच्या भाऊबंदांचाच होता. शब्दानेही असाच प्रवास केला आहे, पण उलट दिशेने: संस्कृतातील ‘कर्पास’पासून आपला ‘कापूस’ झाला, आणि तोच शब्द ग्रीक भाषेत ‘कार्पासोस’, हिब्रूत ‘कर्पस’ व लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ या रूपांत पोहोचला. कापड ज्या वाटांनी गेले, त्याच वाटांनी त्याचे नाव गेले.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्या तुटवड्यात वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. खामगावचा बाजार वाढला आणि १८७० साली खास कापसासाठी तिथपर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला. एवढे सांगून थांबावे. भावाच्या चढउताराचे पुढचे वर्णन मुलांना घरी ऐकायला मिळतेच.

पऱ्हाटीच्या फुलाजवळ अंबाडीचे आणि भेंडीचे फूल ठेवून पाहायला सांगावे. तिन्ही फुलांच्या मध्यभागी एकच दांडी असते आणि तिच्यावर सारे पुंकेसर लागलेले असतात, जास्वंदाचेही तसेच. चारही झाडे एका कुळातील आहेत. अशी भावकी ओळखता येते हे कळल्यावर मुले स्वतःच धुऱ्यावर शोध घेऊ लागतात, आणि मग पळस येतो.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती तीन पाने नसून एकाच पानाचे तीन भाग आहेत, ज्यांना पर्णिका म्हणतात. कशावरून? झाडाचा नवा कोंब नेहमी पानाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो त्या बेचक्यातून निघतो. पळसाच्या तिन्ही ‘पानांच्या’ स्वतंत्र देठांच्या बेचक्यांत कोंब कधीही दिसत नाही. तो दिसतो त्या तिघांना धरणारा मुख्य देठ फांदीला मिळतो तिथेच. हीच खूण घेऊन मुलांना तुरीच्या आणि सोयाबीनच्या शेतात पाठवा. तिथेही तीन-तीनच पर्णिका सापडतील, कारण पळस, तूर आणि सोयाबीन हे एकाच शेंगवर्गातले आहेत. म्हण खोटी ठरत नाही, तिच्यातील निरीक्षण अचूकच आहे. फक्त मोजणी पानांची की पर्णिकांची एवढाच फरक. आणि इतिहासाच्या तासाला आलेल्या प्लासीच्या लढाईचा, म्हणजे १७५७ सालचा, पळसाशी काय संबंध, असेही विचारता येईल: बंगालमधील त्या गावाचे खरे नाव पलाशी, आणि ते पलाश म्हणजे पळस या झाडावरून पडलेले आहे.

यानंतरची गोष्ट सांगायला मला नेहमी पूर्ण तास लागत असे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. त्या परिसरातील वावरांत फार जुन्या काळापासून गोल, लांबट, आखडलेले दगड सापडत आले. ते दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या महाकाय प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे. त्याच काळाच्या आसपास आपला काळा पाषाण, म्हणजे आज विहीर खोदताना लागणारा बेसॉल्ट, लाव्हारसाच्या रूपाने या प्रदेशावर पसरत होता. या दगडांची तपासणी होईपर्यंत शास्त्रज्ञांमध्ये असे मानले जात होते की डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतेच. चित्रांतही त्यांच्या पायांखाली नेचे आणि सायकस दाखवत. २००५ साली भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून पिसदुऱ्याच्या या दगडांतील सूक्ष्म कण तपासले आणि त्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांच्या खुणा मिळाल्या. पुढील काही वर्षांत याच सामग्रीतून धानाच्या जवळच्या कुळातील गवताच्या खुणाही ओळखल्या गेल्या. ते प्राणी मुख्यतः इतर वनस्पती खात होते, गवत थोडेच होते. परंतु थोडे का होईना, ते होते, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांतील एक समजूत विदर्भातील एका गावच्या दगडांमुळे बदलली.

मुलगा विचारील, शेणातले गवत कोट्यवधी वर्षे कसे टिकले? त्याचे उत्तर त्याच्या हातावर आहे. ज्वारीच्या उभ्या पिकातून चालताना पान घासले की हात चरचरतो, कधी कापतोही. गवतकुळातील वनस्पती जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य पदार्थ, शोषून घेतात आणि पानांच्या पेशींत तिचे बारीक कण साठवतात. पान कुजते, पचते, जळते, कण उरतात. गवतांच्या निरनिराळ्या गटांत कणांचा आकार वेगळा असल्यामुळे तो कण कोणत्या गटातला हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. भंडारा-गोंदियाकडे धानाचा तूस जाळल्यावर जी राख उरते तिच्यात फार मोठा भाग सिलिकेचाच असतो आणि म्हणूनच तिने घासलेली भांडी लख्ख होतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे गवत ज्या गुणामुळे ओळखता आले, तोच गुण घरच्या राखेत आहे. एक सूचना मात्र आवर्जून द्यावी: असे दगड दिसले तर ते उचलून घरी आणू नयेत, जागा लक्षात ठेवून शिक्षकांना सांगावे, कारण कुठल्या थरात सापडला हे हरवले की त्या दगडाची अर्धी माहिती हरवते.

शब्दांच्या बाबतीत फसण्याची शक्यता अधिक असते, कारण कानाला सारखे लागणारे दोन शब्द जोडून कोणीही गोष्ट रचू शकतो. म्हणून मी नेहमी असेच शब्द निवडले ज्यांची मधली रूपे दाखवता येतात. तुमच्या जिल्ह्याचे नावच घ्या. वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होती. प्राकृतात ते ‘वच्छोम’ झाले, पुढे बासिम आणि वाशीम. ही वाट कल्पनेतली नाही. प्राचीन काव्यशास्त्रात या प्रदेशाच्या रचनापद्धतीला ‘वच्छोमी’ असे नावच आहे, आणि संस्कृतात गोड, सोप्या रचनेच्या शैलीला ‘वैदर्भी’ म्हणतात. आपल्या बोलीला गावंढळ म्हणून हिणवले गेलेल्या मुलांना हे अवश्य सांगावे की, एके काळी उत्तम भाषेचे मापच या प्रदेशाच्या नावाने ओळखले जात होते.

मिरचीचे झाड अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या मार्फत आले, पण तिचे नाव आपल्या घरचे आहे. आधी तिखटासाठी मिरी होती, संस्कृतात ‘मरिच’. नवी तिखट वस्तू आली तेव्हा जुन्याच नावाला नवे रूप देऊन तिला ठेवले. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, हेही सांगण्यासारखे आहे: बी चावून नष्ट करणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांना मिरची दूर ठेवते आणि ते दूरवर नेऊन टाकणाऱ्या पक्ष्यांना अडवत नाही.

बैलबंडीतील ‘बंडी’ हा शब्द तेलुगूतही याच अर्थाने रोज वापरला जातो. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात त्या फळाला आपण ‘जाम’ म्हणतो, आणि शहरात गेलेल्या मुलांना त्यावरून दुरुस्त केले जाते. वस्तुतः जाम हा जांब, जांभूळ, जम्बू या शब्दांच्या कुळातला आहे. आणि वनस्पतिशास्त्रातही ते फळ जांभळाच्याच कुळातले आहे. आपल्या शब्दाने झाडाचे नाते बरोबर ओळखले आहे, असे मी तरी अभिमानाने सांगत आलो. बुलढाण्याच्या लोणारमध्ये ‘लवण’ आहे, आणि ज्या शब्दाने आपण सौंदर्य सांगतो त्या ‘लावण्या’तही तेच मीठ आहे, लोणचे तर घरात आहेच.

माहिती खोटी असली तर बिघडते काय, असे काही सहकारी मला विचारीत. त्यांना मी मेळघाटातील रानपिंगळ्याची हकीकत सांगत असे. हा लहानसा, दिवसा वावरणारा घुबडवर्गीय पक्षी १८७३ साली शास्त्राला ज्ञात झाला आणि काही वर्षांतच दिसेनासा झाला. संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने होते. त्यांपैकी सर्वांत अलीकडच्या नमुन्यावर गुजरातमधील एका ठिकाणाचे नाव आणि १९१४ साल लिहिलेले होते. त्यावर विसंबून पक्षितज्ज्ञ तिकडे शोधत राहिले आणि त्यांना काही मिळाले नाही. नंतर उघड झाले की, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने संग्रहालयातून जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. तो नमुना प्रत्यक्षात १८८० च्या दशकात खानदेशात मिळालेला होता. ती चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला, आणि पुढे मेळघाटातही तो चांगल्या संख्येने असल्याचे दिसून आले. एका खोट्या चिठ्ठीने कितीतरी वर्षांचा शोध चुकीच्या जंगलात नेला.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल. बाबर १५३० साली मरण पावला. त्याच्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील लिंबूवर्गीय फळांची यादी आहे आणि तिच्यात ‘संगतरा’ हे नाव आहे. पोर्तुगीज १४९८ साली मलबारच्या किनाऱ्यावर उतरले. इतक्या थोड्या काळात पोर्तुगालमधील एका गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात फळाचे रूढ नाव बनले असेल, हे मला पटत नाही. म्हणून सिंत्राची गोष्ट खात्रीची म्हणून सांगू नका. तिच्याऐवजी ‘नारिंग’ घ्या, कारण त्याचा प्रत्येक टप्पा दाखवता येतो. संस्कृतात नारङ्ग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा, आणि पुढे फ्रेंच व इंग्रजीत जाताना सुरुवातीचा ‘न’ गळून ऑरेंज. हा क्रम फळ्यावर खाली-खाली लिहा आणि ‘न’ कुठे गळला ते मुलांना शोधू द्या. सोमवारी दोन बोंडे, थोडा सावरीचा कापूस आणि पळसाची एक फांदी सोबत न्या. नारिंगाचा क्रम मंगळवारी घ्या, कारण पहिल्या दिवशी कापूस वळण्यातच सारा वेळ जाईल.